मूक म्हणजे निरुपद्रवी नव्हे

मेंदूतील धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी दुबळी झाली की तेथे फुगा तयार होतो. यालाच अ‍ॅन्युरिझम म्हणतात. तो फुटल्यास मेंदूभोवती रक्तस्राव होऊन जिवावर बेतते. पूर्वी कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावणे हाच मुख्य उपाय होता. १९९० च्या सुमारास गुग्लिएल्मी यांनी लॉस एंजेलिस येथे धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन, प्लॅटिनमच्या कॉइलने फुगा आतून भरण्याची पद्धत रूढ केली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसॅट’ चाचणीत फुगा फुटलेले २१४३ रुग्ण होते. वर्षअखेर मृत वा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण क्लिपच्या गटात ३०.६ टक्के, तर कॉइलच्या गटात २३.७ टक्के आढळले. तेव्हा या उपचाराच्या उपयुक्ततेविषयी शंका घेण्याचा येथे मुळीच हेतू नाही.

मुद्दा वेगळा आहे. उपचारानंतर एक-दोन दिवसांत डिफ्यूजन एमआरआय केल्यास अनेक रुग्णांच्या मेंदूत रक्तपुरवठा तुटल्याचे बारीक ठिपके दिसतात. नळीवर वा कॉइलवर जमलेली सूक्ष्म गुठळी, धमनीच्या भिंतीचा सुटलेला कण, हवेचा बुडबुडा ही त्यांची कारणे. हेपॅरिन, अ‍ॅस्पिरिन देऊनही ते पूर्णतः टळत नाहीत. बहुतेकांचे हातपाय शाबूत राहतात, वाचाही जात नाही. म्हणून या ठिपक्यांना ‘मूक’ म्हणतात आणि विषय तेथेच संपतो.

या विशेषणाला माझा आक्षेप आहे, आणि तो बालरोगतज्ज्ञ म्हणून आहे. झाबुआ-अलिराजपूर पट्ट्यातील आदिवासी समाजात आढळणाऱ्या सिकल सेल आजारात मुलांच्या मेंदूत असेच मूक इन्फार्क्ट होतात. मूल हसते, खेळते. तपासणीत दोष सापडत नाही. मात्र शाळेत ते मागे पडते, लक्ष टिकत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९६ मुलांच्या चाचणीत नियमित रक्तसंक्रमणाने मेंदूत नवा वा वाढता इन्फार्क्ट होण्याचे प्रमाण १४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. मूक होती ती आपली तपासणी; इजा मूक नव्हती.

दोन्ही प्रसंग तंतोतंत सारखे नाहीत, हे मान्य. सिकल सेलचा आघात वर्षानुवर्षे चालू राहतो, कॉइलिंगचा एकदाच होतो. काही ठिपके पुढे विरूनही जातात. प्रौढांच्या स्मरणशक्तीवर त्यांचा परिणाम होतो काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु सिद्ध न झालेले ते नाहीच, असे मानणे शास्त्राला धरून नाही. २०१२ च्या ‘एनॅक्ट’ चाचणीत १८५ रुग्णांवर मेंदूरक्षक औषध योजले असता ठिपक्यांची संख्या घटली, एकूण आकारमान मात्र घटले नाही. २०२० साली पक्षाघाताच्या मोठ्या चाचणीत तेच औषध एकंदरीत अपयशी ठरले. सोपे उत्तर अद्याप हाती नाही.

म्हणूनच दोन गोष्टी आवश्यक वाटतात. फुगा फुटलेला नसताना, म्हणजे विचाराला सवड असताना, संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी या ठिपक्यांची माहिती रुग्णाला त्याच्या भाषेत द्यावी. तसेच शक्य असेल तेथे उपचारापूर्वी व काही महिन्यांनी स्मृती आणि एकाग्रतेची साधी चाचणी करावी. ‘घरी आल्यापासून हिशेब चुकतो’ ही पत्नीची तक्रार केवळ वयावर ढकलू नये. कुटुंबीयांनीही ती निःसंकोच सांगावी. रुग्ण चालत घरी गेला, एवढ्यावर आपले समाधान होऊ नये.