तीनशे शब्दांत पोर्शे

१९ मे २०२४. पुणे, कल्याणीनगर, रात्रीचे अडीच. पोर्शे टायकननं मोटारसायकल उडवली, दोन तरुण इंजिनिअर मेले. पोलिसांच्या म्हणण्यानं गाडी चालवत होता सतरा वर्षांचा पोरगा. बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन दिला. एक अट, तीनशे शब्दांचा निबंध. पुढं ससूनमध्ये रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टर पकडले गेले. हे सगळं तुम्ही वाचलंय, पुन्हा उगाळत नाही.

दारू, पैसा, बाप यांवर रान उठलं. उठायलाच पाहिजे होतं. पण त्या भानगडीत यंत्र सुटलं!

दोस्तांनो, असली गाडी शुद्धीवरच्या माणसालाही सहज झेपत नाही. ताशी १६० म्हणजे सेकंदाला ४४ मीटर. समोर काही दिसलं, पाय ब्रेकवर जाईस्तोवर एक सेकंद. ४४ मीटर खलास, ब्रेक अजून लागायचाय. वेग दुप्पट तर ब्रेकनंतरचं अंतर चौपट. त्यात टायकन विजेची. गिअर टाकायचा नाही, इंजिन बोंबलत नाही, पाय दाबला की सगळा जोर चाकात. वजन दोन टनांच्या वर. आतल्याला वाटतं गाडी रस्त्याला चिकटलीय. साला, चिकटवलेली असते संगणकानं, याच्या अकलेनं नाही. याच कंपनीची १९७५ ची ९११ टर्बो, इंजिन मागं. वळणावर घाबरून पाय उचलला की शेपूट फिरायचं. तिकडं तिला विधवा करणारी गाडी म्हणत. निदान ती घाबरवायची तरी.

आता आमच्या नंदुरबारात या. तळोद्याहून धडगावला जाताना चांदशैली घाट. इथला पिकअपवाला आधी किन्नर असतो, उस्तादाच्या शिव्या खातो, तेव्हा त्याला कळतं की उतारावर ब्रेकवर उभं राहायचं नाही, खालच्या गिअरात गाडी धरायची. तरी ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्यांची गाडी याच घाटात कोसळली. माणसं मेली.

आणि कायदा? भाड्याची पिकअप चालवायला वय वीस पाहिजे. स्वतःच्या पोर्शेला अठरा पुरे. सोळाव्या वर्षी फक्त पन्नास सीसीच्या आतली दुचाकी, म्हणजे ताकद मोजायची अक्कल कायद्याला आहे. मोटारीपाशीच ती झोपते. अल्टोवर परीक्षा द्या, पोर्शे हाणा.

कुणी म्हणेल, पोराकडं परवानाच नव्हता, मग परवान्याचं काय घेऊन बसलात? अरे, किल्ली देणाऱ्यालाही वेगळी परीक्षा द्यावी लागली असती, तर आपण काय हातात देतोय हे त्याला कळलं असतं. त्या टायकनची तर कायम नोंदणीही झाली नव्हती. फी बाकी, १,७५८ रुपये.

इटलीत नव्या चालकाला पहिली तीन वर्षं ठराविक ताकदीच्या वरची मोटार चालवता येत नाही. फेरारी बनवणारा देश तो. आपल्या परिवहन खात्याला हे करायला काय अडचण आहे, ते त्यांनी सांगावं. तीनशे शब्दांत सांगितलं तरी चालेल.