कागद नव्हे, रकाना अडवा

कार्यालयातल्या छपाईबद्दल दोन टोकांची मते मांडली जातात. एक पक्ष म्हणतो, लोकांची खासगी माहिती असलेल्या संगणकाला प्रिंटर जोडूच नये. दुसरा म्हणतो, कर्मचारी काय छापतो यावर नजर ठेवणे हा त्याचा अपमान आहे आणि माहिती दडपण्याची ती सुरुवात आहे. सातारा-सांगलीच्या अनुभवावर घासून पाहिले तर दोन्ही मते टिकत नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी ओसरल्यावर पंचनामे होतात, अनुदानाच्या याद्या बनतात. अशा यादीत नाव, गाव, नुकसान आणि मंजूर रक्कम असते. अनुदान खात्यावर जमा करायचे तर त्याच ओळीत खाते क्रमांक, आधार क्रमांक आणि मोबाइलही येतो. पहिले चार रकाने गावाने वाचलेच पाहिजेत. ज्याच्या उंबऱ्याला पाणी लागले नाही त्याचे नाव यादीत घुसले, तर ते तहसीलदाराच्या आधी शेजाऱ्याला कळते. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम लाभार्थ्यांचा तपशील कुणी मागण्याची वाट न पाहता जाहीर करायला सांगते, ते याचसाठी. उरलेल्या तीन रकान्यांशी गावाला काही देणेघेणे नाही. अडवायचे असेल तर हे तीन रकाने अडवा; गावच्या फलकासाठी छापताना ते आपोआप गळाले पाहिजेत आणि बँकेकडे जाणारी प्रत वेगळी निघाली पाहिजे.

सरसकट छपाईबंदी कायद्यालाही धरून नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने माहितीच्या अधिकाराची व्याख्या करतानाच संगणकातल्या माहितीची छापील प्रत मिळवण्याचा हक्क दिला आहे. सातबारा तर कुणीही पाहावा असाच दस्तऐवज आहे. सगळेच गोपनीय ठरवले की खरोखर जपण्याजोगे काय, याचा विचार कुणी करत नाही.

आता नजर ठेवण्याविषयी. पहिला आक्षेप असा की, पडद्याचा फोटो मोबाइलवर निघतो, मग प्रिंटर अडवून काय साधणार? ठरवून चोरणाऱ्याला हा उपाय पुरा पडणार नाही, हे मान्य. पण कागद बाहेर पडण्याची वहिवाट चोरीपेक्षा हलगर्जीपणाची आहे. छापून कुणी न नेलेली पाने ट्रेमध्ये राहतात, पाठकोरे म्हणून दुसऱ्याच कामाला लागतात आणि शेवटी रद्दीत जातात. मिरज हे दवाखान्यांचे गाव. सांगलीत ‘संग्राम’ संस्था १९९२ पासून एचआयव्हीच्या प्रश्नावर काम करते आहे. अशा ठिकाणी तपासणीचा एक कागद चुकीच्या हाती पडला तर माणसाचे घर आणि नोकरी दोन्ही जाऊ शकते. एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्याने अशा नोंदी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे. प्रिंटरपाशी जाऊन संकेतांक दिल्यावरच कागद बाहेर पडावा, ही सोय करता येते. कुणी, कधी, किती पाने छापली याची नोंद विंडोज प्रणाली स्वतःच ठेवू शकते. ती मुळात बंद असते, सुरू करावी लागते. त्या नोंदीत फाइलचे नावही उतरू शकते, म्हणून फाइलला रुग्णाचे नाव देण्याची सवय आधी मोडली पाहिजे. अपमानाचा आक्षेप तर याहून कच्चा आहे. बँकेची तिजोरी दोघांच्या किल्ल्यांनी उघडते आणि त्यात रोखपालाला कमीपणा वाटत नाही. ठेवीदाराचा आधार क्रमांक त्याच्या पैशाइतकाच जपायचा असतो.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे: ही नोंद गैरव्यवहार उघड करणाऱ्याच्याच गळ्याशी येईल. अमेरिकेत २०१७ मध्ये गुप्तचर संस्थेचा एक अहवाल पत्रकारांपर्यंत पोचला. छपाईच्या नोंदी तपासल्या तेव्हा तो सहाच जणांनी छापल्याचे दिसले. त्यांतून रिअ‍ॅलिटी विनर नावाची महिला सापडली आणि तिला पाच वर्षे तीन महिन्यांची कैद झाली. आपल्याकडे २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज फेटाळण्याची मुभा रुंद केली, त्यामुळे ही भीती वाढली आहे आणि ती रास्त आहे. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला, तेव्हा बँकेच्या आतले कागद वेळेवर बाहेर येणे ठेवीदारासाठी किती मोलाचे असते, हे या भागाला वेगळे सांगावे लागले नाही. पण येथेही रकान्याचाच निकष लावावा. नियमबाह्य कर्जमंजुरीचा ठराव दाखवायला हजारो ठेवीदारांचे खाते क्रमांक लागत नाहीत. संवेदनशील असते ती माणसाची माहिती; संचालक मंडळाची अब्रू त्या व्याख्येत बसवू नये. म्हणून छपाईची नोंद अध्यक्षांच्या किंवा व्यवस्थापकांच्या हाती नसावी. लेखी तक्रार आल्यावरच लेखापरीक्षकाने ती उघडावी, कुणी उघडली याचीही नोंद राहावी, आणि रिझर्व्ह बँक, सहकार निबंधक, पोलीस किंवा न्यायालयाकडे कागद नेणाऱ्यावर तिच्या आधारे कारवाई होणार नाही, असे सेवानियमांतच लिहावे. ही अट मान्य नसलेल्या संस्थेत नोंद सुरू करण्याला कर्मचारी संघटनांनी विरोध करावा. मान्य असेल तेथे तो सोडावा.