शिल्लक आधी, खर्च मागाहून

पगार खात्यात जमा झाला की महिनाभर खर्च करावा आणि अखेरीस जे उरेल ते बाजूस टाकावे, ही जी रीत नोकरीस नव्याने लागलेल्या तरुणांत सर्रास रूढ आहे, ती मुळातच चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. कारण महिनाअखेरीस सहसा काहीच उरत नाही, आणि त्याचा दोष त्या तरुणाच्या स्वभावाला लावण्यापेक्षा या उलट्या क्रमाला लावणे अधिक न्याय्य होय. बचतीचा हप्ता पगाराच्या तारखेसच वळता व्हावा आणि महिना उरलेल्या रकमेत बसवावा.

हे तत्त्व आपल्या बाजारपेठांना परके नाही. पुढे सिंडिकेट बँक या नावाने प्रसिद्धीस आलेल्या उडुपीच्या पेढीने १९२८ साली पिग्मी ठेवीची योजना सुरू केली, आणि आज महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावी दुकानोदुकानी फिरून पानवाल्याकडून, भाजीवाल्याकडून रोजची ठरावीक रक्कम गोळा करणारा पिग्मी एजंट सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या योजनेचे मर्म असे की, ती माणसाला काटकसरीचा उपदेश करीत नाही, तर दिवसाची कमाई घरी जाण्यापूर्वीच तिच्यातील एक अंश सुरक्षित स्थळी पोहोचविते. पगारदाराच्या दारी असा कोणी येत नसला, तरी बँकेस एकदा लेखी सूचना दिली की तेच काम दरमहा बिनबोभाट होते. टपाल खात्याची पाच वर्षांची आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून उघडता येते; दरमहा २,००० रुपये भरणाऱ्याची मुदतीअखेर मुद्दलच १,२०,००० रुपये होते, व्याज वेगळे. येथे एक सावधगिरीची सूचना केलीच पाहिजे: बँकेतील ठेवींना पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवींना ते नाही.

बचतीइतकेच महत्त्व हिशेबास आहे. जुन्या पेढ्यांवर रोजमेळ लिहून, शिल्लक ताडून पाहिल्यावाचून दिवस संपत नसे. २०१६ पासून यूपीआयने देवघेव इतकी सुलभ केली की पैसा हातास स्पर्श न करताच निघून जातो. रिक्षा, चहा, रात्री मागविलेले जेवण यांची नोंद बँकेच्या संदेशांत असते खरी, परंतु नोंद असणे आणि खर्चाची जाणीव असणे यांत मोठे अंतर आहे. म्हणून रात्री पाच मिनिटे वही घेऊन स्वहस्ते जमाखर्च लिहावा असा माझा आग्रह आहे. त्यात नाटक-सिनेमा, गडावरची भटकंती, मित्रांची मेजवानी यांसाठीही एक स्वतंत्र सदर असावे, कारण ज्या अंदाजपत्रकात आनंदाला जागा नाही ते दुसऱ्या महिन्यापर्यंतही टिकत नाही.

कर्जाविषयी मात्र मी इतका सौम्य राहू शकत नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, ते प्रामुख्याने कर्जरोखे हस्तगत करून जाळून टाकण्यासाठी. आणि १८७९ साली सरकारने कायदा करून, रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता मूळ मुद्दल किती व व्याज किती चढले याची तपासणी करण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. आजचा सुशिक्षित तरुण क्रेडिट कार्डाच्या बिलावरील 'किमान देय रक्कम' भरून निर्धास्त होतो, तेव्हा उर्वरित रकमेवर अनेक कार्डांच्या बाबतीत दरमहा साडेतीन टक्क्यांपर्यंत, म्हणजे वर्षाकाठी सुमारे ४२ टक्के व्याज चढत असते. त्या कायद्याने जी चौकशी न्यायाधीशावर सोपविली होती, ती या तरुणाने दर बिलाच्या वेळी स्वतः करावी, आणि संपूर्ण रक्कम भरण्याची ऐपत नसेल त्या महिन्यात कार्ड घरी ठेवावे.

तुटपुंज्या कंत्राटी वेतनावर राबणाऱ्या आणि त्यातूनच गावी आईवडिलांना पैसे धाडणाऱ्या मुलामुलींना ही सारी चर्चा निष्ठुर वाटेल, याची मला जाणीव आहे. त्यांचे उत्पन्न अपुरे आहे, आणि वेतनवाढीचा प्रश्न वहीने सुटणारा नव्हे. परंतु ज्यांचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, त्यांनी नोकरी बदलताना तो काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करावा. मूळ वेतनाच्या १२ टक्के आपले आणि त्याच्या जोडीला मालकाचा वाटा, एवढी बचत त्यांच्या नावे आधीच होत असते. गावी पाठवावयाची रक्कमही घरच्यांशी मोकळेपणाने बोलून ठरवावी. आपल्या घरांत मुलगा किती मिळवतो हे साऱ्यांना ठाऊक असते, त्याला खोलीभाडे आणि खानावळ यांस किती लागते हे मात्र कोणी विचारीत नाही. तेव्हा दिवाळीला घरी जाताना त्याने आपली वही बरोबर न्यावी आणि वडिलांपुढे उघडून ठेवावी.