ज्येष्ठांसह नौकाविहार

सिन्नर हा अवर्षणप्रवण तालुका. भरलेल्या पाण्याचे अप्रूप येथील माणसाला जन्मभर पुरते. म्हणूनच हिवाळ्यात मुले-नातवंडे घरी आली, की शनिवार-रविवारी नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर जाऊन गोदावरीच्या जलाशयात मोटारबोटीने फेरी मारण्याचा बेत ठरतो. त्या वेळी ज्येष्ठांच्या बाबतीत दोहोंपैकी एक घडते. एकतर ‘तुम्हाला झेपणार नाही’ असे सांगून त्यांना घरी ठेवले जाते, किंवा काहीही न विचारता गाडीत बसवले जाते. वास्तविक, प्रकृती स्थिर असलेल्या बहुतेक ज्येष्ठांना ही सहल झेपते; मात्र तिची आखणी त्यांच्या शरीराच्या वेळापत्रकानुसार व्हावी.

सर्वांत मोठी अडचण सहसा कोणी बोलून दाखवत नाही, ती लघवीची. वाटेत जावे लागू नये म्हणून अनेक आजी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लघवी वाढवणारी गोळी परस्पर चुकवतात. पाणी न प्यायल्याने भोवळ येते. गोळी चुकवल्याने हृदयविकाराच्या रुग्णाला दम लागू शकतो. फ्युरोसेमाइडसारख्या गोळीचा प्रभाव सुमारे 6 तास राहतो. त्या दिवशी ती परतल्यावर घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. स्वच्छतागृह कोठे आहे याची चौकशी घरच्यांनीच करून ठेवावी. आईला ती चारचौघांत करावी लागू नये.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची जेवणाची वेळ बोटीच्या रांगेत टळू देऊ नये. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. रुग्ण शुद्धीवर असल्यास लगेच साखरपाणी द्यावे. जवळ ग्लुकोज आणि बिस्किटे असावीत.

‘बोट लागू नये’ म्हणून प्रोमेथाझिनसारखी गोळी स्वतःहून देऊ नये. वृद्धांना तिने गुंगी येते, तोल जातो, आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. संथ पाण्यावरील छोट्या फेरीत दूरच्या काठाकडे नजर ठेवून बसणे बहुधा पुरेसे होते.

वेगवान बोटीचा पुढचा भाग लाटांवर आपटतो. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीच्या मणक्याला अशा एका दणक्याने चीर पडू शकते. म्हणून संथ चालणारी मोठी बोट निवडावी, ज्येष्ठांना मध्यभागी वा मागे बसवावे आणि वेग कमी ठेवण्यास चालकाला निघण्यापूर्वीच सांगावे.

पडण्याचा खरा धोका मात्र चढता-उतरताना असतो. बोट धक्क्याला बांधून स्थिर झाल्याशिवाय पाऊल टाकू नये. काठी आधी दुसऱ्याच्या हाती द्यावी. एकाने आतून व एकाने बाहेरून आधार द्यावा. साडीच्या निऱ्या वर खोचून घ्याव्यात. जीवरक्षक जॅकेट स्वेटरवरून घालून सर्व पट्टे लावावेत; शाल त्यावरून गुंडाळू नये. फेरी संपल्यावर लगेच उभे न राहता मिनिटभर पाय हलवावेत, म्हणजे रक्तदाब एकाएकी उतरून चक्कर येण्याचा धोका कमी होतो.

नुकताच हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात झालेल्यांनी, अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांनी, तसेच वारंवार तोल जाणाऱ्यांनी डॉक्टरांच्या संमतीखेरीज बोटीत बसू नये. पावसाळ्यात, किंवा धरणातून विसर्ग चालू असताना, कोणीच हा बेत करू नये.

औषधांची यादी खिशात ठेवावी आणि आपत्काळात 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एवढी तयारी झाली, की आजी-आजोबांना यायचे आहे का, हे त्यांनाच विचारावे. ‘नको’ असे उत्तर आले, तर त्यामागे पाण्याची भीती आहे की लघवीचा संकोच, हे आपुलकीने जाणून घ्यावे. भीती असेल तर आग्रह धरू नये. संकोच असेल तर त्यावर उपाय आहे.