अतिदक्षता विभागातील चुका: शिक्षा व्यक्तीला, दोष व्यवस्थेचा

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे शहर. 2021 मध्ये कोरोनाची दुसरी लाट शिगेला पोहोचली असताना येथील पोलाद प्रकल्पातून द्रवरूप वैद्यकीय प्राणवायूचे टँकर महाराष्ट्रासह अनेक राज्यांकडे रवाना होत होते. प्राणवायूअभावी रुग्ण दगावू नयेत, यासाठी सारी सरकारी यंत्रणा कामाला लागली होती. मात्र त्याच वर्षी महाराष्ट्रात असेही रुग्ण मरण पावले, ज्यांना खाट, डॉक्टर आणि प्राणवायू हे तिन्ही मिळाले होते. त्यांचा बळी आजाराने नव्हे, तर अतिदक्षता विभागातील यंत्रणेने घेतला.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भक कक्षात आग लागून 10 बालके दगावली. 21 एप्रिलला नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. पुरवठ्याचा दाब घटला आणि किमान 22 रुग्णांचा मृत्यू झाला. अवघ्या दोन दिवसांनी विरार येथील विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून किमान 13 रुग्ण मरण पावले. 6 नोव्हेंबरला तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत 11 जणांचा बळी गेला.

कारवाईचा रोख कोणाकडे?

या घटनांनंतर चौकशी समित्या नेमण्यात आल्या आणि कारवाईही झाली. भंडाऱ्यात जिल्हा शल्यचिकित्सकांसह तिघांना निलंबित करण्यात आले आणि दोन परिचारिकांच्या सेवा समाप्त करण्यात आल्या. अहमदनगरमध्ये निलंबनापाठोपाठ एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. रात्रपाळीत कक्षावर असलेल्या व्यक्तीची जबाबदारी कोणी नाकारत नाही. परंतु विजेची जोडणी, धूरसूचक यंत्रे, बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आणि मंजूर पदे या बाबी परिचारिकेच्या हाती नसतात. त्या ज्यांच्या हाती असतात, त्यांच्यापर्यंत चौकशी क्वचितच पोहोचते.

सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न पूर्वीच आला होता. 1995 मध्ये लुधियानातील एका रुग्णालयात श्वास घेण्यास त्रास होत असलेल्या रुग्णाला लावलेले प्राणवायूचे नळकांडे रिकामे निघाले. रुग्ण दगावला आणि डॉक्टरांवर फौजदारी गुन्हा दाखल झाला. 'जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायालयाने 5 ऑगस्ट 2005 रोजी निकाल दिला. अक्षम्य स्वरूपाचा निष्काळजीपणा असल्याशिवाय डॉक्टरला गुन्हेगार ठरवता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. नळकांडे उपलब्ध नसण्याबद्दल रुग्णालयाची दिवाणी जबाबदारी येऊ शकते, हेही सूचित केले. नळकांडे भरलेले आहे की नाही, हे पाहण्याची पद्धत रुग्णालयात का नव्हती, हा मूळ प्रश्न मात्र फौजदारी खटल्याच्या कक्षेत बसत नव्हता.

रोजच्या चुकांचे गणित

आगीची बातमी होते, रोजच्या चुकांची होत नाही. जेरुसलेम येथील एका अतिदक्षता विभागाच्या पाहणीचे निष्कर्ष 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. एका रुग्णावर दिवसाला सरासरी 178 क्रिया केल्या जात होत्या आणि त्यांपैकी सरासरी 1.7 क्रियांमध्ये चूक होत होती. म्हणजे शंभरातील 99 कामे बिनचूक होऊनही प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला रोज एक तरी चूक येत होती. पंपातून जाणाऱ्या औषधाचा वेग, सारख्या दिसणाऱ्या इंजेक्शनच्या कुप्या, पाळी बदलताना अर्धवट दिलेली माहिती ही अशा चुकांची परिचित ठिकाणे आहेत. बेशुद्ध रुग्ण स्वतः हटकू शकत नाही आणि नातेवाईक दाराबाहेर असतात. त्यामुळे या चुका पाहणारे कर्मचाऱ्यांखेरीज दुसरे कोणी नसते.

यावरील उपाय खर्चिक असतातच असे नाही. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोवोस्ट यांच्या पुढाकाराने शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी पाच साध्या नियमांची यादी लागू करण्यात आली. हात धुणे, रुग्णाला निर्जंतुक आच्छादन घालणे, गरज संपताच नळी काढणे, अशा त्या बाबी होत्या. पायरी चुकल्यास परिचारिकेने डॉक्टरला थांबवावे, असा अधिकार तिला देण्यात आला. 18 महिन्यांत या नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचे प्रमाण 66 टक्क्यांपर्यंत घटल्याचे 2006 मध्ये जाहीर झाले.

कारखान्याला बंधन, रुग्णालयाला मोकळीक

येथे पुन्हा भिलाईकडे पाहणे उद्बोधक ठरते. 12 जून 2014 रोजी पोलाद प्रकल्पातील वायुगळतीत सहा जणांचा मृत्यू झाला. त्यात दोन उपमहाव्यवस्थापक होते. 9 ऑक्टोबर 2018 च्या स्फोटात डझनाहून अधिक कर्मचारी प्राणास मुकले. कायदा असूनही अपघात झाले, हे खरे. तरीही 1948 च्या कारखाने अधिनियमाने एक बंधन घातले होते: ठराविक प्रकारची धोकादायक घटना घडली, तर कोणाला इजा झाली नसली तरी सरकारला कळवलेच पाहिजे. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हे बंधन कायम आहे.

2018 मध्ये भाजलेल्या कामगारांवर प्रकल्पाच्याच सेक्टर 9 मधील रुग्णालयात उपचार झाले. भट्टीजवळची घटना कळवण्याची सक्ती आहे. पण देशातील कोणत्याही अतिदक्षता विभागात चुकीचे औषध देता देता राहिले, तर ते कळवण्याचे देशभर लागू असे कायदेशीर बंधन नाही. 2018 ते 2025 या काळासाठीच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा आराखड्यात अशी नोंद व्यवस्था उभारण्याचे उद्दिष्ट होते. आराखड्याची मुदत संपली, सक्तीची तरतूद झालेली नाही.

नोकरी जाण्याची भीती असेल, तर कोणताही कर्मचारी थोडक्यात टळलेली चूक सांगणार नाही. न सांगितलेली चूक दुसऱ्या पाळीत, दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत पुन्हा घडते. त्यामुळे कळवणाऱ्याला संरक्षण आणि लपवणाऱ्या व्यवस्थापनाला दंड, अशी तरतूद हाच पुढील कायद्याचा गाभा असायला हवा. भंडारा आणि नाशिकच्या चौकशी अहवालांचा उपयोग निलंबनाच्या आदेशापलीकडे किती झाला, याचे मोजमाप त्यावरूनच होईल.