आकडे तिचे, पदवी दुसऱ्याची

एमएसडब्ल्यू करताना 'आरोग्य माहिती व्यवस्था' मी पुस्तकात वाचली. प्रत्यक्ष पाहिली ती साक्री तालुक्यात, एका आशाताईच्या पिशवीत : फुगलेली रजिस्टरं आणि काच तडकलेला मोबाइल. नोंद आधी वहीत, मग मोबाइलवर. 2021 पासून त्यात 14 आकडी 'आभा' क्रमांकाची भर. "कोनता आकडा खोटा शे, हाई माले लगेच समजस," ती म्हणाली. खरंच समजतं, कारण त्या आकड्यातली बाळंतीण तिच्या गल्लीतली असते.

पण आरोग्य क्षेत्रातलं 'संगणक करिअर' जळगाव-धुळ्यात शिकवलं जातं ते फी भरू शकणाऱ्या मुलामुलींना. आशा मात्र अजून 'स्वयंसेविका'च.

2021 मध्येच राज्यभरच्या अंगणवाडीताईंनी निकृष्ट मोबाइल शासनाला परत केले. बायांना तंत्रज्ञान नको, असा अर्थ आपल्यातल्याही काहींनी लावला (मीही, थोडा वेळ). त्यांना हवा होता चालणारा फोन आणि मराठीतलं 'पोषण ट्रॅकर'.

संघटनांनी आता मानधनाबरोबर हेही मागावं : प्रशिक्षण तालुक्याच्या गावी, त्या दिवसाच्या मोबदल्यासह, आणि आरोग्य केंद्रातल्या डाटा एन्ट्रीच्या जागेसाठी आशाताईची रजिस्टरं भरण्यातली वर्षं अनुभव म्हणून धरावीत.