संपाचा शिधा

१८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्या थांबल्या, तेव्हा वाई-कोरेगावकडे शाळू उभा होता. संपावरच्या अडीच लाखांपैकी ज्यांना गाव होते, त्यातल्या कितीतरी जणांनी वळकटी बांधून एसटी धरली आणि ते काढणीला लागले.

अभ्यासवर्गात या संपाशेजारी ब्रिटनच्या खाणकामगारांचा १९८४-८५चा संप हमखास मांडला जातो. गिरणी संपाचे नेते दत्ता सामंत आणि खाणकामगारांचे आर्थर स्कारगिल, इंदिरा गांधी आणि थॅचर अशा जोड्या लावल्या की तुलना आटोपते. संघटनेचे काम करणाऱ्याने त्याआधी एक विचारावे: चूल कशावर पेटत होती?

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९८४मध्ये न्यायालयाने युनियनचा निधी जप्त केला. पुढे मार्चपर्यंत बायकांनी चालवलेल्या सामुदायिक स्वयंपाकघरांचा आणि बाहेरून येणाऱ्या मदतीचाच आधार होता. खाणीच्या गावात दुसरा धंदा नव्हता. मुंबईत १९४६च्या औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, त्यामुळे सामंतांना वाटाघाटीच्या टेबलावर जागाच नव्हती. त्यांच्या युनियनजवळ वर्षभर पुरेल असा निधीही नव्हता. होती ती गावकीची खोली, खानावळवालीची उधारीची वही आणि घाटावरून येणारे ज्वारीचे पोते.

गावाशी नाळ असलेला कामगार कच्चा, लढ्याला कुचकामी, असे पुष्कळदा म्हटले गेले. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी ते उलटे करून दाखवले: गाव होते म्हणूनच संप लांबवता आला. मुंबईच्या गिरण्यांचाच १९२८चा संप सहा महिने चालला आणि त्यातूनच डांगे-मिरजकरांची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. त्या संपासाठी सोव्हिएत कामगारांनी पाठवलेल्या पैशाचा पुढे कम्युनिस्ट पुढाऱ्यांवरच्या मीरतच्या खटल्यात गाजावाजा झाला. गावच्या पोत्याची नोंद मात्र कुठल्याच फिर्यादीत नाही.

पण याच गावाने सरकारलाही सवड दिली. गडी शेतावर गेला की गिरणगावात गर्दी उरत नाही. वाट बघत बसले की झाले.

परतलेले सगळेच गप्प बसले नाहीत. सांगलीच्या खानापूर तालुक्यात संपकऱ्यांना घेऊन मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. दुष्काळाच्या प्रश्नाला तिने हात घातला आणि येरळा नदीची वाळू विकून आलेल्या पैशातून लोकांनी बळिराजा धरण बांधले. संपाच्या वेळचा पंचविशीतला साचेवाला आता सत्तरीला टेकला आहे. त्या वर्षी घरून किती पोती गेली आणि खानावळीची उधारी कशी फेडली, हे त्याला अजून विचारता येते.